न म्हटलेले वाक्य

श्रावणातल्या एका सकाळी ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, मी आठ दिवसांच्या एका मुलाची सुंता पाहिली. त्यानंतर दीड वर्ष माझ्या मनात जे रुतून राहिले, ते सुंता करणाऱ्या मोहेलच्या हातातले पाते नव्हते आणि मुलाचे रडणेही नव्हते. मुलाच्या आजोबांनी मला दिलेले एक साधे उत्तर होते. सोहळा आटोपला होता, बाळ आत आईजवळ गेले होते, आणि बाहेरच्या मांडवात पत्र्यावर पाऊस वाजत असताना पंगत बसत होती. माझ्या पानात मलिद्याचा ढीग होता, त्यावर खोबऱ्याचा कीस आणि कडेला केळ्याची फोड. ते आजोबा, ज्यांना मी काका म्हणते, माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन टेकले, तेव्हा मी, थोड्या आगाऊपणाने आणि खरे सांगायचे तर थोड्या आरोपाच्या सुरात, विचारले, "काका, दुखत असेल हो त्याला." माझी अपेक्षा होती की ते हसतील, "छे गं, एवढ्याशा बाळाला काय कळतंय," असे म्हणतील आणि मलाही मलिदा निवांत खाता येईल. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "दुखतं बाय. दुखणार नाही तर काय? म्हणूनच तर आता जेवणानंतरच्या प्रार्थनेत एक वाक्य म्हणायचं नाही. लग्नाच्या पंगतीत म्हणतात, 'ज्याच्या घरी आनंद वसतो' असं देवाला म्हणतात. इथे नाही म्हणत. आत पोर कळवळतंय ना."

एवढे बोलून ते कुणाला तरी वाढायला उठले.

माझे कान टोचले तेव्हा मी चार वर्षांची असेन. अलिबागच्या बाजारपेठेतून आलेला सोनार आमच्या नागावच्या ओटीवर मांडी घालून बसला होता, त्याच्या पुढ्यात एका वाटीत खोबरेल तेल आणि कागदाच्या घडीत सोन्याची बारीक तार होती. त्याने माझ्या कानाच्या पाळीला कुंकवाचे बोट लावले, आजीने तोंडात गुळाचा खडा कोंबला, आणि तो म्हणाला, "काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं होईल." आई पाठ करून पेरूच्या झाडाकडे पाहत उभी होती. मला मुंगी माहीत होती. ती मुंगी नव्हती. सोनारानेच कान टोचावेत, असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे, कारण घरच्यांचा हात चालत नाही. पण त्या सोनाराने मला जे सांगितले ते खोटे होते, घरातल्या सगळ्यांना ते खोटे असल्याचे माहीत होते, आणि ते खोटे प्रेमापोटी सांगितले जात होते. पुढे मीही माझ्या मुलीला तेच वाक्य सांगितले. त्यामुळे एखाद्या धर्माने आपल्या बाळांना जखम करावी हे मला तितकेसे परके वाटले नाही. परके वाटले ते हे, की त्या धर्माने ती जखम दुखते अशी नोंद करून ठेवावी आणि त्या नोंदीपायी देवाच्या स्तुतीतले एक वाक्य मागे ठेवावे.

काकांचे घराणे रेवदंड्याचे. माझ्या वडिलांची नागावात आंब्याच्या कलमांची रोपवाटिका होती, आणि मृगाच्या तोंडावर काकांचे वडील, पुढे काका, वाडीसाठी कलमे न्यायला येत. शनिवारी ते कधीच येत नसत. गावातले म्हातारे त्यांना अजून 'शनवार तेली'च म्हणत. शतकानुशतके या मंडळींजवळ, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंजवळ, हिब्रू ग्रंथ नव्हते, त्यांच्या भाषेत मराठीखेरीज काही फारसे उरले नव्हते. तरी शनिवारी बंद ठेवलेला घाणा, खवले आणि पर असलेलाच मासा, 'शेमा' या प्रार्थनेची एक ओळ आणि आठव्या दिवशीची सुंता एवढ्या गोष्टी त्यांनी धरून ठेवल्या. ग्रंथ हरवला तरी देहावरची ओळ हरवली नाही, हा विचार मला लहानपणी सुचणे शक्यच नव्हते. तेव्हा 'सुंता' हा शब्द शाळेच्या मधल्या सुट्टीत मुलगे फिदीफिदी हसत उच्चारायचे तेवढाच मला ठाऊक होता. तो शब्दही मुळात अरबी 'सुन्नत'वरून आपल्याकडे आलेला आहे. काका स्वतः 'मिला' म्हणतात.

त्या सकाळी एकमेकींना लागून दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर मांडीत उशी घेऊन संदाक बसणार होते, म्हणजे ज्यांच्या मांडीवर बाळ ठेवायचे ते वडीलधारे. दुसरीवर जरीची किनार असलेले कापड होते आणि ती रिकामी होती. बाळ एका हातातून दुसऱ्या हातात, बायकांकडून पुरुषांकडे असे येत गेले, आणि ते आत येताच सगळे उभे राहून "बारूख हब्बा" म्हणाले: जो आला तो धन्य. आधी त्याला क्षणभर त्या रिकाम्या खुर्चीवर टेकवले, मग संदाकांच्या मांडीवर घेतले. मुलाचा बाप, ज्याला मी अर्ध्या चड्डीत पाहिलेले आहे, पांढऱ्याफटक चेहऱ्याने मोहेलच्या कोपराला कोपर लावून उभा होता. शास्त्राप्रमाणे हे काम बापाचे. मूळपुरुष अब्राहामने आपल्या मुलाची, इसहाकची, सुंता स्वतःच्या हाताने केली. बापाला ते जमत नसेल तर त्याने आपला अधिकार दुसऱ्याच्या हाती सोपवायचा, आणि बहुतेक सगळे बाप तो सोपवतात. मोहेलचे डोके खाली झुकले, कुणीतरी माझ्यापुढे आडवे आले, आणि त्याच वेळी रडण्याची ती एक लांब, कोरडी, श्वास अडकलेली रेघ ऐकू आली. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून गाळलेल्या शरबतात बुडवलेला कापसाचा बोळा मोहेलने बाळाच्या ओठांवर टेकवला. त्याने तो चोखला, पुन्हा रडला, पुन्हा चोखला. मग सगळ्यांनी मिळून म्हटले, की जसा हा देवाशी केलेल्या करारात आला तसाच तोरात, म्हणजे धर्मशास्त्राच्या अभ्यासात, लग्नाच्या मांडवाखाली आणि सत्कर्मांत येवो. बाळाचे नाव मोठ्याने घेतले गेले. "तुझ्या रक्तात तू जग" हे यहेज्केल संदेष्ट्याचे शब्द दोनदा म्हटले गेले, आणि मी खिडकीतून बाहेर रस्त्यावरच्या छत्र्यांकडे पाहू लागले.

रिकामी खुर्ची एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची. या एलियाहूविषयी मला सुरुवातीपासून ममत्व आहे, कारण तो मुळात तक्रारखोर माणूस. डोंगरावरच्या गुहेत बसून त्याने देवाकडे गाऱ्हाणे घातले की इस्रायलने तुझा करार सोडला, मी एकटा उरलो. परंपरा सांगते की देवाने त्याला जन्माची कामगिरी लावली: इथून पुढे प्रत्येक सुंतेला तू हजर राहायचेस आणि लोकांनी करार सोडलेला नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचेस. आपल्याकडे अशा माणसाला लोक "बस आता मोजत" म्हणतील. कोकणातल्या बेने इस्रायलांचा तर त्याच्यावर फारच लोभ. अलिबागजवळ खंडाळ्याच्या बाजूला एका कातळावर त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा आहेत असे ते मानतात, आणि नवस फेडायला तिथे मलिदा घेऊन जातात. पोहे, गूळ किंवा साखर, खोबरे, वेलची, सुकामेवा आणि फळे. त्या दिवशी माझ्या पानात होता तो त्याच्याच नावाचा मलिदा.

पोह्यांवरून आठवले. ज्यू परंपरेत या विधीच्या अर्थाचा जो सगळ्यात रंगतदार वाद आहे, तो धान्यावरूनच झालेला आहे. यहूदियाचा रोमन सुभेदार तूर्नूस रूफूस याने रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, अकिवांना विचारले, कुणाची कृती अधिक सुंदर, देवाची की माणसाची? अकिवा म्हणाले, माणसाची. सुभेदाराला सुंतेवर घसरायचे होते, आणि अकिवांनी ते आधीच ओळखले होते. त्यांनी गव्हाच्या ओंब्या मागवल्या आणि भाजलेल्या पोळ्या मागवल्या, दोन्ही शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, या देवाने केल्या, या माणसाने केल्या. आता तूच सांग. सुभेदार म्हणाला, देवाला सुंता हवी होती तर मूल पोटातूनच तसे का आले नाही? अकिवांनी उलट विचारले, मग नाळ त्याच्यासोबत बाहेर का येते, आणि ती कापावी का लागते? आणखी एका रब्बींनी एका तत्त्ववेत्त्याला असेच सांगितले, की सहा दिवसांत जे जे निर्माण झाले त्या सगळ्याला अजून काम हवे आहे: मोहरीची तिखट धार मारावी लागते, गहू दळावे लागतात, आणि माणसालाही दुरुस्ती लागते. मलिद्याचा घास तोंडात असताना मला हे पटावे यात नवल नाही. भाताच्या लोंबीपासून पोह्यापर्यंत भिजवणे, भाजणे, कांडणे किती असते ते आमच्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. निर्मिती ही संपवून हातात दिलेली वस्तू नाही, तिच्यात माणसासाठी शेवटचा एक हात राखून ठेवलेला आहे, ही कल्पना मला फार उंचीची वाटते. अब्राहामला देव म्हणतो, "माझ्यासमोर चाल आणि पूर्ण हो," आणि लगेच पुढे कापायला सांगतो. उणे करून पूर्ण होणे हे गणित रब्बींनी अक्षरांत मांडले. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो: अब्रामच्या नावाची बेरीज २४३, त्यात एक 'हे' अक्षर, म्हणजे पाच, मिळवून अब्राहाम झाला तेव्हा २४८, आणि माणसाचे अवयवही तेवढेच. वाढलेले पाच अवयव कोणते, तर दोन डोळे, दोन कान आणि ते एक. आधी बाकीच्या २४३ अवयवांवर त्याची सत्ता होती. डोळे, कान आणि वासना एवढीच काय ती हाताबाहेर होती. या यादीत डोळे आणि कान घातले म्हणून मी त्या अज्ञात गणितज्ञाला मनोमन नमस्कार केला.

तरीही अकिवांचे उत्तर मला थोडे चलाख वाटते, हे सांगायला हवे. गहू रडत नाही.

त्या मानाने बाराव्या शतकातले ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस जास्त प्रामाणिक. ते कैरोत वैद्य होते, रोज दुखणारी शरीरे पाहत होते, आणि त्यांनी स्पष्टच लिहिले की ही काही देहातल्या कमतरतेची डागडुजी नव्हे. देवाने केलेल्या देहात असे काय अपुरे राहिले होते की ते बाहेरून पुरे करावे लागावे? उणीव असते ती शीलाची. वासनेचा अतिरेक थोडा कमी व्हावा हा हेतू, आणि देहाला होणारा त्रास हाच त्यातला मुद्दा. शिवाय एकाच देवाला मानणाऱ्या सगळ्यांच्या अंगावर एकच खूण असली की त्यांच्यात आपुलकी राहते, असेही ते म्हणतात. पण मी अडखळले ती जागा पुढे आहे. हे बालपणीच का करावे याची कारणे देताना ते सांगतात, की मोठा झाल्यावर मुलगा कदाचित करून घेणार नाही. बाळाची कातडी कोवळी आणि कल्पनाशक्ती दुबळी असल्याने त्याला दुःख कमी. आणि तिसरे असे, की नुकत्याच जन्मलेल्या मुलावर बापाचे प्रेम अजून पुरते जडलेले नसते. ते मूल नजरेसमोर वाढत जाते तसे प्रेम वाढते. दोन-तीन वर्षे थांबलात तर बापाचा हातच उठणार नाही. हे वाचून मी चिडले, मग गप्प झाले. सोनाराकडे पाठ फिरवून उभ्या राहिलेल्या माझ्या आईला हे कुणी वाचून दाखवले असते तर तिने मान हलवली असती, असे मला वाटते. प्रेमालाही वय असते, आणि ते जून होण्याआधी काही गोष्टी उरकून घ्याव्या लागतात, असे धर्मग्रंथाच्या भाष्यात लिहून ठेवणारा माणूस निदान मुंगीची गोष्ट तरी सांगत नाही.

हिब्रूत करार 'करत' नाहीत, 'कापतात'. आपण काडी मोडतो ती नाते तोडायला; तिथे कापून नाते जोडले जाते. हे मला आधी उलटे वाटले, आणि मग वडिलांचे हात आठवले. रोपवाटिकेत पावसाळ्याच्या सुरुवातीला ते कोय कलमे बांधत. कोयीतून आलेल्या तांबूस, लुसलुशीत रोपाचा शेंडा ते एका फटक्यात उडवत, उरलेल्या खुंटाला मधोमध चीर देत, आणि हापूसच्या काडीला खालून पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवत. मग प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळत. दोन्ही बाजूंना जखम असल्याशिवाय कलम जीव धरत नाही, हे त्यांच्या बोलण्यात सहज येई. आणि शब्द तरी कोणता, तर 'कलम'. आपल्या भाषेत कलम म्हणजे जोडलेले झाड, कलम म्हणजे लिहायचा बोरू, कलम म्हणजे करारातली एकेक अट, आणि कुणाचे शिर 'कलम केले' म्हणजे ते धडावेगळे केले. हिब्रूतला 'मिला' हा शब्दही असाच दुहेरी आहे: सुंता म्हणजे 'मिला', आणि शब्द म्हणजेही 'मिला'. एका जुन्या गूढ ग्रंथात दोन करार सांगितले आहेत, एक जिभेचा आणि एक देहाचा, हातांच्या दहा बोटांच्या मधोमध एक आणि पायांच्या दहा बोटांच्या मधोमध दुसरा.

कापून टाकायच्या त्या कातडीला हिब्रूत 'ओर्ला' म्हणतात, आणि शास्त्रात हा शब्द भलत्याच ठिकाणी भेटतो. मोशे आपल्याला नीट बोलता येत नाही हे सांगताना म्हणतो की माझे ओठ सुंता न झालेले आहेत. यिर्मया लोकांच्या कानांविषयी तेच म्हणतो: त्यांना ऐकूच येत नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात सरळ आज्ञा आहे की आपल्या हृदयाची ओर्ला कापा, आणि पुढे असे वचन आहे की देवच तुमच्या हृदयाची सुंता करील. म्हणजे ओर्ला हे अडथळ्याचे नाव आहे. आत जे येऊ पाहते किंवा आतून जे बाहेर जाऊ पाहते, त्याच्या वाटेत आलेला पडदा. ख्रिस्ती परंपरेने यातून असा निष्कर्ष काढला की हृदयाची झाली तर देहाची नको. ज्यू विचाराने तो काढला नाही. अलेक्झांड्रियाचा फायलो हा तर रूपकांत रमणारा तत्त्वज्ञ. सुंता म्हणजे सुखाच्या हावेचा आणि अहंकाराचा छेद असे त्यानेच लिहिले, पण अर्थ कळला म्हणून कृती सोडून द्यायची हे त्यालाही मान्य नव्हते. देह आत्म्याचे घर आहे, तर घराची काळजी घ्यायला हवी, असे त्याचे म्हणणे. मला यातली सगळ्यात आवडती ओर्ला मात्र झाडाची आहे. लेवीय पुस्तकात लिहिले आहे की झाड लावल्यावर पहिली तीन वर्षे त्याचे फळ ओर्ला समजावे, खाऊ नये; चौथ्या वर्षीचे देवाचे, पाचव्या वर्षापासून तुमचे. वडिलांनी काकांच्या वडिलांना कलम देताना हमखास बजावलेले मी ऐकले आहे, की पहिली तीन-चार वर्षे मोहोर आला तरी खुडून टाका, झाडाला आधी अंग धरू द्या. दोघांनाही एकमेकांचे शास्त्र सांगावे लागले नसेल.

सुंता काही एकट्या ज्यूंची नाही. प्राचीन मिसरी लोक ती करत, आजूबाजूची आणखी राष्ट्रे करत, रेवदंड्यातले काकांचे मुसलमान शेजारीही करतात. अब्राहामच्या थोरल्या मुलाची, इश्माएलची, झाली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि अब्राहाम स्वतः नव्व्याण्णव. त्यामुळे ज्यू अर्थ शोधायचा तर तो कृतीपेक्षा दिवसाच्या आकड्यात शोधावा लागतो. आठवा दिवस. सात हा सृष्टीचा आकडा, आठवडा पुरा झाला की सृष्टी पुरी झाली; आठ म्हणजे तिच्यापलीकडचे एक पाऊल, असे प्रागचे रब्बी महारल सांगतात. म्हणून आठवा दिवस शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आला तरी सुंता थांबत नाही, योम किप्पूरच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी आला तरी थांबत नाही. एका मिद्राशमध्ये, म्हणजे शास्त्रावरच्या जुन्या भाष्यात, याचे याहून गोड कारण आहे: राजाने फर्मान काढले की आधी राणीला भेटल्याखेरीज कुणी मला भेटायचे नाही, मूल आठ दिवसांचे झाले की मधे एक शब्बाथ नक्की येऊन जातो, आणि शब्बाथ ही राणी. आणि तिसरे कारण अगदी घरगुती, की देवाला बाळाची दया आली आणि अंगात थोडी ताकद येईपर्यंत त्याने वाट पाहिली. या दयेचे नियमही आहेत. मूल आजारी असेल तर थांबायचे. एका बाईची दोन मुले सुंतेमुळे गेली असतील तर तिसऱ्याची करायची नाही. रक्त न थांबण्याच्या रोगाचे नावही कुणाला माहीत नसताना हा नियम झाला. बाबिलोनचे रब्बी नातान प्रवासात असताना एक आई असेच आपले पिवळे पडलेले बाळ घेऊन त्यांच्याकडे आली, आधीची दोन गेलेली. त्यांनी बाळाकडे नीट पाहिले आणि म्हटले, याच्या अंगात रक्त भरेपर्यंत थांब. ते मूल जगले, आणि त्याचे नाव नातान ठेवले गेले. जो सुंतेवाचून राहिला तोही ज्यूच. कारण ज्यू आईच्या पोटी जन्मला की तो ज्यू.

आईचे नाव निघाले की माझे मन पुन्हा खट्टू होते. ज्या करारात येण्याची खूण पुरुषाच्याच देहावर आहे, त्यात बाई कुठे असते? ताल्मुदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, एका ओळीत उत्तर आहे, की बाई जणू जन्मतःच सुंता झालेली आहे. हा सन्मान आहे की मागच्या दारातून दिलेली वाट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मोशेची बायको सिप्पोरा हिने रस्त्यातल्या मुक्कामावर गारगोटीच्या पात्याने स्वतः मुलाची सुंता केली आणि नवऱ्याचा जीव वाचवला, हेही शास्त्रात लिहिलेले आहे; पण त्या दिवशी ठाण्यात बाळाची आई आतल्या खोलीत होती, आणि ती तिथे काय करत होती हे मला कुणी सांगितले नाही.

ही खूण म्हणायची, तर ती कुणाला दिसते? गंध दिसते, कुंकू दिसते, जानवे सदऱ्यातून डोकावते. ही खूण मात्र कपडे घातलेल्या माणसावर असून नसल्यासारखी. दावीद राजाची एक कथा आहे, की तो स्नानगृहात गेला आणि आपल्या उघड्या देहाकडे पाहून व्याकूळ झाला: अंगावर झालर नाही, कपाळावर वचनांची पेटी नाही, मी एकाही आज्ञेवाचून उभा आहे. मग त्याला आपल्या देहावरची खूण आठवली आणि त्याचे मन शांत झाले. बाहेर येऊन त्याने 'आठव्या'वर एक स्तोत्र रचले. सगळे उतरवून ठेवल्यावरही जे उतरत नाही, ते हे. मात्र जे उतरत नाही तेच माणसाला पकडूनही देते. इ. स. पूर्व १६७ मध्ये ग्रीक राजा अँटिओकसने बंदी घातली तेव्हा सुंता करवणाऱ्या आया बाळांसकट मारल्या गेल्या. रोमन सम्राट हाड्रियननेही बंदी घातली. आणि नाझींच्या काळात युरोपातल्या कित्येक पुरुषांना कागदपत्रे बनावट करता आली तरी देह बनावट करता आला नाही. तत्त्वज्ञ स्पिनोझा, ज्याला त्याच्याच समाजाने १६५६ साली बाहेर काढले होते, त्यानेही लिहिले की ही एक खूणच या राष्ट्राला कायम टिकवायला पुरेशी आहे. विरोध बाहेरूनच झाला असेही नाही. १८४० च्या दशकात जर्मनीतल्या सुधारणावादी ज्यूंनी ही प्रथा उघडपणे वादात ओढली. २०१२ साली कोलोनच्या न्यायालयाने एका मुसलमान मुलाच्या प्रकरणात ती शारीरिक इजा ठरवली, आणि त्याच डिसेंबरात जर्मन संसदेला ती कायदेशीर करणारा कायदा करावा लागला. मूल हो म्हणत नाही, हा त्या न्यायालयाचा मुद्दा मला खोडता येत नाही. माझ्या मुलीनेही कान टोचून घ्यायला हो म्हटले नव्हते, आणि भाषा, नाव, आडनाव यांपैकी काहीच मला कुणी विचारून दिलेले नाही, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही; पण ते उत्तरच नव्हे असेही वाटत नाही.

काकांनी सांगितलेले ते वाक्य मी पुढे शोधून काढले. ताल्मुदमध्ये लग्नाच्या आशीर्वादांची चर्चा चालू असताना मधेच येते, की एक रब्बी सुंतेच्या घरी जेवले आणि त्यांनी 'ज्याच्या निवासात आनंद आहे' हे म्हटले. आणि लगेच पुढे, की रीत तशी नाही, कारण घरची माणसे कासावीस आहेत, बाळाला दुखते आहे. एवढेच. त्यावर प्रवचन नाही. जेवण आहे, गाणी आहेत, मोठा आनंदाचा दिवस आहे, कुणी त्याला दुःखाचा दिवस म्हणत नाही. फक्त आनंदाचे ते एक वाक्य कापलेले आहे. 'मिला' म्हणजे शब्द आणि 'मिला' म्हणजे छेद, हे तोवर मला भाषेतली गंमत वाटत होते. बाळाच्या देहावर जे केले, तेच मोठ्यांनी स्वतःच्या प्रार्थनेवरही करून घेतले आहे, हे मला दीड वर्षांनी एका दुपारी भांडी घासताना कळले. शब्दालाही ओर्ला असते, आणि ती उजळ, मंगल, सगळ्यांच्या तोंडात बसलेली असू शकते.

सोहळ्यानंतर आठवड्याभराने मी बाळासाठी म्हणून काकांना एक कलम पाठवले होते. ज्यूंमध्ये पूर्वी मुलगा झाला की देवदार लावत आणि त्याच्या लग्नात त्याच झाडाच्या फांद्यांचा मांडव करत, असे मी कुठेसे वाचले होते. देवदार नागावात कुठला, म्हणून हापूस. काकांनी ते रेवदंड्याच्या वाडीत विहिरीजवळ लावले. यंदा जानेवारीत त्यांचा फोन आला. नातू चालायला लागला होता, मागे घरभर त्याचा आवाज येत होता. "बाय, तुझ्या कलमाला मोहोर आलाय," ते म्हणाले. "केवढंसं झाड, गुडघ्याएवढं, आणि तुऱ्यांनी नुसतं भरलंय. वास येतोय सगळीकडे." मी म्हटले, "खुडायला हवा काका." पलीकडे थोडा वेळ काहीच बोलणे झाले नाही, नातवाने काहीतरी खाली पाडल्याचे ऐकू आले.

"ठाऊक आहे गं," काका म्हणाले. "तू ये आणि खुड. माझ्याच्याने होत नाही."